ईद अजून किती दिवस? शेवटच्या अशऱ्यात लहान मुलांना सांभाळताना

रमजानचा तिसरा अशरा लागला की आपल्या घरांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. मोठी माणसे शबे-कद्रच्या ओढीने इबादत वाढवू पाहतात आणि लहान मुले ईदच्या ओढीने धुडगूस वाढवतात. अम्मी कुरआन घेऊन बसली की पाच वर्षांचे पोर मांडीशी येऊन विचारते, “अम्मी, ईद कब है?” आठ दिवस आहेत असे सांगावे, तर दहा मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. नवे कपडे कपाटातून दिवसाला चार वेळा बाहेर निघतात. भावंडांत कुरबुरी होतात, अभ्यासात मन नसते, रात्री झोप येत नाही, सकाळी उठवत नाही. शेवटी रोजाने थकलेल्या अम्मीचा किंवा अब्बांचा हात उठतो आणि घरात रडारड होते.

ज्या दहा रात्रींची आपण वर्षभर वाट पाहतो, नेमक्या त्याच दिवसांत आपल्या मुलांना सर्वांत जास्त ओरडा बसतो. रमजान म्हणजे काय, हे लहान मूल पुस्तकातून शिकत नाही. त्या महिन्यात घर कसे होते, यावरून ते शिकते. रमजान म्हणजे गप्प बस, लांब हो, मार खाशील, अशी खूणगाठ त्याच्या मनात बसली तर ती सोडवायला पुढे फार वर्षे लागतात. म्हणून हा विषय वाटतो तेवढा किरकोळ नाही.

मी भोर तालुक्यात शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. भोर आणि शेजारचा वेल्हे, म्हणजे आता राजगड नाव मिळालेला तालुका, इथे आपली घरे विखुरलेली आहेत. भोर शहरात मोहल्ला आहे, पण वाड्या-वस्त्यांवर दोन-चारच घरे. तिथले मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते आणि वर्गात रमजान पाळणारे कदाचित ते एकटेच असते. त्यामुळे ईदचा सगळा उत्साह त्याला घरातच मोकळा करायचा असतो. शाळेत आणि पालकांशी बोलताना जे दिसत आले, आणि बालमानसशास्त्रात जे वाचले, त्यातून काही गोष्टी इथे मांडत आहे.

मुले इतकी उधळतात का?

पहिले कारण साधे आहे. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला काळाचा हिशोब नीट कळत नाही. ‘आठ दिवस’ हा आपल्यासाठी आकडा आहे, पण त्याच्यासाठी तो नुसता शब्द आहे. काल, उद्या, परवा यांतही ते गोंधळते. म्हणून ते पुन्हा पुन्हा विचारते. त्यात हट्टीपणा नसतो; उत्तर त्याच्या हाती लागलेलेच नसते.

दुसरे कारण झोप. अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून १० ते १३ तास आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. आता आपल्या घरातला हिशोब पाहा. मार्च महिन्यात आपल्या भागात मगरिब पावणेसातच्या सुमारास होते. इफ्तार, मग इशा, तरावीह, मग परत आलेल्यांचे जेवण आणि गप्पा. मूल झोपते अकराला. साडेचारला सहरीच्या भांड्यांच्या आवाजाने उठते, थोडे खाते, पुन्हा आडवे होते आणि सकाळच्या शाळेसाठी साडेसहाला त्याला ओढून उठवावे लागते. जेमतेम सात तास झोप झाली, तीही तुकड्यातुकड्यांत. झोप कमी झाली की मोठा माणूस सुस्तावतो. लहान मूल मात्र बरेचदा उलट जास्त चेकाळते. त्याचे पळणे, किंचाळणे, क्षुल्लक कारणावरून रडणे हा पुष्कळदा थकवाच असतो, आपण त्याला मस्ती म्हणतो.

तिसऱ्या कारणाबद्दल एक गैरसमज आहे. इफ्तारला सरबत, फालुदा, जिलेबी खाऊन मुले चढतात, असे दादी-नानी म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तोवर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा छापून आला. काही मुलांना साखर आणि काहींना साखरेविना गोड पदार्थ, कोणाला काय दिले ते मुलांना व पालकांना न सांगता देऊन पाहिले होते. साखरेने मुलांच्या वागण्यात फरक पडल्याचे त्यांत दिसले नाही. गोड कमी द्यावे ते दातांसाठी आणि पोटासाठी. मुले चढतात ती गर्दीने, गोंगाटाने, जागरणाने आणि सगळे एकाच वेळी बोलत असल्याने.

चौथे कारण खास आपले आहे. आपल्या सणाची तारीख आदल्या संध्याकाळपर्यंत पक्की नसते. त्याकडे पुढे येऊ.

आधी झोप सावरा

शेवटच्या दहा दिवसांत एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. शाळेतून आल्यावर, जुहरनंतर, घरातल्या लहानांना तास-दीड तास झोपवा. अम्मीलाही त्या वेळी पाठ टेकता येते. रात्री तरावीहला कोणी जावो न जावो, पाच-सहा वर्षांखालचे मूल नऊच्या सुमारास अंथरुणात असावे. त्यासाठी घरातला एक मोठा माणूस आळीपाळीने त्याच्याजवळ थांबला तर बिघडत नाही. सहरीला उठायचा हट्ट असेल तर आठवड्यातून एक-दोन दिवस ठरवून उठवा, जुम्मा आणि इतवार म्हणा. ठरलेला दिवस असला की रोजचा हट्ट कमी होतो.

मोबाइलबद्दल वेगळे सांगायला नको. इफ्तारची गडबड असताना मुलाच्या हाती मोबाइल दिला की तासभर शांतता मिळते खरी, पण तीच मुले नंतर झोपायला त्रास देतात. मोबाइलची वेळ असर आधीची ठेवा, रात्रीची नको.

थांबणे शिकवता येते

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने लहान मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलासमोर खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त आवडीचा खाऊ मिळेल. १९७२ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत दिसले, की खाऊ डोळ्यांसमोर असला की मुलांना थांबवत नाही. तो झाकून ठेवला, किंवा मुलांनी मनात दुसरी गमतीची गोष्ट आणली, की ती बरीच जास्त वेळ थांबतात.

यातून आपल्याला घ्यायचे ते असे. नवे कपडे, बूट, बांगड्या कपाटाच्या वरच्या खणात, नजरेआड ठेवा. एकदा घालून मापाला पाहिले की संपले. डोळ्यांसमोर टांगलेला शेरवानीचा सूट आणि ‘हात लावू नको’ ही सूचना, हे दोन्ही एकत्र चालत नाही. ईदच्या गप्पाही दिवसभर नकोत. आपणच दर तासाला “ईदला हे करू, ईदला ते आणू” म्हणत राहिलो तर मुलाचे मन तिथून हटणार कसे?

याच प्रयोगाचा पुढचा भाग आई-वडिलांनी जास्त लक्षात ठेवावा. अमेरिकेतीलच रॉचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांवरचा एक अभ्यास छापला. खाऊच्या आधी त्यांनी मुलांना चित्रकलेचे छान सामान आणून देण्याचे कबूल केले. निम्म्या मुलांना ते आणून दिले. निम्म्यांना परत येऊन सांगितले, सामान नाही, आहे त्यावर भागव. मग खाऊची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुले सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांचा शब्द मोडला ती ३ मिनिटांतच खाऊला लागली. म्हणजे मुलाचा सब्र फक्त त्याच्या स्वभावात नसतो. समोरच्या मोठ्या माणसाच्या शब्दावर किती भरवसा आहे, यावरही तो अवलंबून असतो.

आपण मात्र रडे थांबवायला काहीही कबूल करतो. “चूप हो जा, ईद को सायकल ला देंगे.” सायकल येत नाही. पुढच्या वेळी त्याच मुलाला आपण सब्र शिकवायला जातो तेव्हा ते ऐकत नाही, यात नवल ते काय? वायदा पाळण्याची ताकीद आपल्या दीनने दिलीच आहे. मुलाला दिलेला वायदाही वायदाच असतो. म्हणून थोडेच कबूल करा आणि तेवढे पाळा.

दिवस मोजायचे साधन

‘आठ दिवस’ मुलाच्या डोळ्यांना दिसू द्या. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या किंवा रंगीत कागदाच्या पट्ट्या कापून कड्यांची साखळी करा. विसाव्या रोजाला दहा कड्या लावा आणि रोज इफ्तारनंतर मुलाच्या हातून एक कडी काढा. शेवटची कडी वेगळ्या रंगाची ठेवा. ती तिसाव्या रोजाची. ती काढायची की नाही, हे चाँद ठरवणार. वेल्ह्याकडच्या वस्तीवर कागद मिळाला नाही तरी अडत नाही. वाटीत दहा चिंचोके ठेवले आणि रोज एक काढला तरी तेच काम होते.

साखळी लावल्यावर ‘कधी’ हा प्रश्न आला की उत्तर देऊ नका. “जा, साखळी मोजून ये” एवढेच म्हणा. मोजण्यात त्याचे मन रमते, अंक पक्के होतात आणि आपला आवाज चढत नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना आम्ही वर्गात उजळणी करून घेतो, ती अशी घरीही होते.

चाँदचा प्रश्न

मुलाला सर्वांत अवघड जाते ती एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ. उद्या ईद की परवा? मोठ्यांनाच ठाऊक नसते. आपल्या भागात तर आणखी एक अडचण आहे. पहिल्या दिवसाचा चाँद बारीक असतो, पश्चिमेला क्षितिजाजवळ दिसतो आणि सूर्यापाठोपाठ थोड्याच वेळात मावळतो. भोर आणि वेल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री उभा आहे. चाँद क्षितिजाला टेकण्याआधीच डोंगराआड जातो. त्यामुळे गच्चीवर चढूनही आपल्याला बहुतेक वेळा पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या खबरीवर थांबावे लागते. तेवढ्या वेळात मोबाइलवर तीन अफवा येऊन जातात. “दिसला” म्हटले की मुले नाचतात, “नाही दिसला” म्हटले की रडतात, पुन्हा “दिसला” म्हटले की नाचतात. एका तासात मूल दमून जाते.

यावर उपाय म्हणजे आधी समजावणे. चार-पाच दिवस अगोदरच सांगा, की चाँद पृथ्वीभोवती फिरतो, एका नव्या चाँदपासून दुसऱ्यापर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. म्हणून आपला महिना कधी २९ चा, कधी ३० चा. बारा महिने मिळून ३५४ किंवा ३५५ दिवस होतात, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. तिसरी-चौथीच्या मुलांना हे फार आवडते. २०३० या एका इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा, हे सांगितले की मुले कॅलेंडर घेऊन हिशोबाला बसतात.

आणि एक गोष्ट घरात ठरवून टाका. एकोणतिसाव्या संध्याकाळी मगरिबची नमाज पढून सगळे मिळून आकाश पाहू. दिसला तर दुआ करू. नाही दिसला तर मशिदीतून एलान होईपर्यंत कोणी काही बोलणार नाही. एलान झाला की अब्बा किंवा दादा एकदाच सांगतील. तिसावा रोजा आला तर मुलांसाठी त्या दिवशी एखादी छोटी गंमत राखून ठेवा, त्यांच्या आवडीची भजी, नाहीतर नानीला फोन. मग ‘नाही दिसला’ हेही मुलाला वाईट वाटत नाही.

कपडे, खरेदी आणि खरे बोलणे

आपल्याकडे मोठी खरेदी बरेच जण पुण्यात करतात. कोणी कॅम्पात जातो, कोणी रविवार पेठेत, कोणी मोमीनपुऱ्याची रमजानची रात्र मुलांना दाखवायला नेतो. भोरहून कापूरहोळ किंवा वेल्ह्याहून नसरापूर करून महामार्गाने जायचे आणि रात्री परत यायचे, म्हणजे लहान मुलाचा सगळा दिवस गेला. त्यातून शेवटच्या दोन-तीन दिवसांतली गर्दी. तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत नेऊ नका. न्यायचेच तर पहिल्या पंधरवड्यात न्या, खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि मापाचे कपडे घेऊन लवकर फिरा. लहानांचे कपडे आपल्या भोरच्या बाजारातही मिळतात.

आता थोडे अवघड बोलते. प्रत्येक घरात खरेदीला पैसे असतातच असे नाही. एखाद्याच्या अब्बांची मजुरी थांबलेली असते, एखाद्याकडे आजारपण झालेले असते, एखाद्याचे अब्बा बाहेरगावी असतात आणि पैसे वेळेवर येत नाहीत. अशा घरांत मुलाला शेवटपर्यंत “आणू, आणू” म्हणत झुलवले जाते आणि चाँदरातीला रडे येते. शाळेत पाहिले आहे, मुलाला गरिबी जेवढी लागत नाही तेवढी फसवणूक लागते. पंधरा दिवस आधी जवळ बसवून सांगितले, “बेटा, या वर्षी नवा ड्रेस नाही, मागच्या वर्षीचा धुऊन इस्त्री करून घालू आणि नवी टोपी घेऊ,” तर मूल एक दिवस रुसते आणि मग टोपीचा रंग निवडायला लागते.

ज्यांच्याकडे आहे त्यांनीही थोडे जपावे. मुलांना सांगावे, की मोहल्ल्यात, शाळेत “मला तीन ड्रेस, तुला किती?” असे विचारायचे नाही. प्रेमचंदांची ‘ईदगाह’ कथा या दिवसांत मुलांना वाचून दाखवा. ईदच्या जत्रेत सगळी पोरे खेळणी घेतात आणि छोटा हामिद आपल्या दादीचे हात भाजतात म्हणून चिमटा घेतो. कथा संपल्यावर उपदेश करू नका. मुले आपणच विचार करतात.

हाताला काम द्या

उत्साह दाबला की उसळतो, त्याला काम दिले की मार्गी लागतो. शिरखुर्म्याच्या तयारीत तीन वर्षांच्या मुलालाही काम आहे. भिजवलेल्या बदामाची साल काढणे हे लहान बोटांना फार आवडते. मनुका निवडणे, चारोळी वेचणे, खारकेच्या बिया वेगळ्या करणे हे चार-पाच वर्षांची मुले करतात. चिरणे, तळणे आणि उकळते दूध मात्र मोठ्यांकडेच. सहा-सात वर्षांची मुले वाट्या पुसून मोजून ठेवतील, शेजाऱ्यांच्या घरांची यादी लिहितील. त्यातून शुद्धलेखनही सुधारते.

एक काम मात्र प्रत्येक मुलाकडून करून घ्या, ते म्हणजे फित्रा. हदीसमध्ये आले आहे, की सदका-ए-फित्र लहान-मोठ्या सर्वांच्या वतीने आहे आणि तो ईदच्या नमाजला निघण्याआधी पोहोचायचा आहे. म्हणजे मांडीवरच्या बाळाचाही फित्रा असतो. मुलाला हे सांगा. “हा तुझ्या नावाचा. आपल्यासारखीच दुसऱ्याच्या घरीही ईदला चूल पेटावी म्हणून.” पाकीट त्याच्या हातात द्या, पण ज्या घरी द्यायचे तिथल्या मुलांसमोर ते द्यायला लावू नका. शक्य असेल तर फित्रा चार-पाच दिवस आधी पोहोचवा. त्या घरालाही खरेदीला वेळ मिळतो. ‘मला काय मिळणार’ यात गुंतलेल्या मुलाचे मन ‘माझ्याकडून काय जाणार’ इकडे वळते, आणि त्याचा आरडाओरडाही ओसरतो.

लहानांचा रोजा आणि मशीद

शेवटच्या अशऱ्यात अनेक मुले रोजाचा हट्ट धरतात. बालिग होईपर्यंत रोजा फर्ज नाही. मुलांना सवय लावण्याची रीत मात्र जुनी आहे. बुखारी शरीफमध्ये ह. रुबय्यि (रजि.) यांची रिवायत आहे, की आशूराच्या दिवशी त्या लहान मुलांनाही रोजा ठेवायला लावत, त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करत आणि कोणी भुकेने रडू लागले की त्याला खेळणे देऊन इफ्तारपर्यंत रमवत. मुलाचे मन रमवायचे कसे, याचा धडा चौदाशे वर्षांपूर्वीच्या आयांनी दिला आहे.

पण मार्च-एप्रिलचे आपले ऊन आणि वार्षिक परीक्षेचे दिवस पाहून पावले टाका. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दुपारपर्यंतचा ‘चिडियाचा रोजा’ पुरे. मोठ्या मुलाने पूर्ण रोजा ठेवला आणि चक्कर आली, डोके दुखू लागले, तोंड कोरडे पडले तर लगेच पाणी द्या; त्यात कमीपणा नाही. रोजाकुशाईची मेजवानी द्यायची म्हणून, पाहुणे बोलावले म्हणून मुलाला ताणू नका. मूल रोजा ठेवते ते अल्लाहसाठी. पाहुण्यांसाठी ठेवले तर पुढच्या वर्षी त्याला पाहुणेच आठवतील.

मशिदीत मुलांनी गोंधळ केला की आपले बुजुर्ग रागावतात. त्यांचेही बरोबर आहे, नमाजमध्ये व्यत्यय येतो. पण प्रेषित (स.) यांनी आपली नात ह. उमामा (रजि.) हिला अंगावर घेऊन नमाज अदा केली आणि मूल रडल्याचा आवाज आला की आईला त्रास नको म्हणून नमाज आटोपती घेतली, हेही आपण जाणतो. मधला मार्ग असा: लहान मुलाला पूर्ण तरावीहला नेऊ नका, चार रकातींपुरते न्या. त्याला आपल्याच बाजूला, सफच्या टोकाला उभे करा. चार मित्र एकत्र मागे सोडले की गोंधळ होणारच.

चाँदरात

चाँदचा एलान झाला की घरात एकदम वीस कामे उभी राहतात आणि मुले पायांत येतात. म्हणून जेवढे आधी उरकेल तेवढे उरका. मेंदी एकोणतिसाव्या दुपारीच लावा. ईद एक दिवस लांबली तरी रंग उतरत नाही. कपडे, टोपी, अत्तर, चपला प्रत्येकाच्या नावाने वेगळ्या पिशवीत भरून ठेवा. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चुन्याची किंवा खडूची रेघ ओढा आणि दूध आटत असताना, तेल तापलेले असताना रेघेच्या आत मुलांनी यायचे नाही, हे ठरवा. फटाके मुलांच्या हाती देऊ नका. ते ना आपल्या सणाचा भाग आहेत, ना घराच्या भल्याचे.

अब्बा पुण्या-मुंबईहून रात्री उशिरा येणार असतील तर मुलांना जागत ठेवू नका. वाटेत गाडी रखडते, मूल बाराला रडत झोपते आणि ईदच्या सकाळी चिडलेले उठते. “सकाळी डोळे उघडशील तेव्हा अब्बा दिसतील” हा वायदा जास्त गोड असतो आणि पाळताही येतो.

आणि अम्मींसाठी एक गोष्ट. घरातली सगळी चाँदरात एकट्या बाईच्या अंगावर पडली तर ओरडा तिच्याच तोंडून निघणार. मुलांना नहाणी-झोपण्याचे काम त्या रात्री अब्बांनी, चाचांनी, मोठ्या भावाने घ्यावे. मुलांवर ओरडू नका, असा सल्ला आईला देणे सोपे असते. तिच्या हातातले एखादे काम उचलले तर तो सल्ला तिला पाळता येतो.

ईदचा दिवस आणि त्यानंतर

सकाळी खजूर खाऊन, तकबीर म्हणत मुलांना ईदगाहला न्या. वाटेत हळूहळू चाला, बोट धरा. ईदच्या दिवशी मशिदीच्या आवारात हबशी लोक भाल्यांचे खेळ करत होते आणि प्रेषित (स.) यांनी ह. आयेशा (रजि.) यांना त्यांचे मन भरेपर्यंत ते पाहू दिले, अशी रिवायत आहे. ईदला आनंद करणे, खेळणे हा सणाचाच भाग आहे. त्या दिवशी थोडा आवाज, थोडी धावपळ होऊ द्या.

दुपारी तीन-चारला मात्र बहुतेक घरांत एक मूल कारणावाचून रडू लागते. दहा दिवसांचा ताण तेव्हा उतरत असतो. त्या वेळी रागावू नका, पाहुण्यांसमोर सलाम करायचा आग्रह धरू नका, त्याला नेऊन झोपवा. ईदी मुलाच्याच नावाने डब्यात ठेवा आणि मोजून त्याला दाखवा. घरखर्चाला घ्यावी लागली तर सांगून घ्या.

ईद शेजाऱ्यांमुळेही पुरी होते. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि लगेच ३१ मार्चला ईद आली. त्या दिवसांत पाडव्याची साखरेची गाठी आपल्या मुलांच्या गळ्यात होती आणि शिरखुर्म्याची वाटी त्यांच्या मुलांच्या हाती. ज्या वाडीवर आपले एकच घर आहे तिथे मुलाला वर्गमित्रांना घरी बोलावू द्या. वर्षभर एकटे वाटणाऱ्या मुलाला त्या दिवशी आपला सण सगळ्यांना दाखवता येतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर पाठवा. लवकर झोपवून पाठवा, आणि वर्गशिक्षकांसाठी डबा द्यायला विसरू नका.

हे सगळे एका वर्षात जमेल असे नाही. या वर्षी दुपारची झोप आणि दिवस मोजायची साखळी, एवढ्या दोनच गोष्टी करून पाहा. मुलांना अल्लाहने आपल्याकडे अमानत म्हणून सोपवले आहे. त्यांचा ईदचा आनंद दाबायचा नाही. मोठी झाल्यावर रमजान आठवला की त्यांना आपल्या घराची ऊब आठवावी, एवढेच करायचे आहे. अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे कबूल करो, आपल्या मुलांना निरोगी आणि नेक ठेवो. आमीन.